वीज गेल्यावर

जालन्यात, मोंढ्यामागं, मुजीबभाईच्या दुकानात
जुना बेस मांडीवर घेतला.
मान जराशी वाकलेली. सातव्या पडद्यावर
जाड तार खरखरते,
बाबूमामा बिडी विझवून बोलायचा, तशी.
बाकी हात सुखानं फिरतो.
आधीच्या धन्याचा अंगठा
लाकडात अजून टेकलेला.

आवाज वाढवला.
कपाटातली घुंगरं, शिट्ट्या, काच
सगळं थरथरलं,
अन् लाईट गेली.

"आता काय ऐकणार?" भाई हसले.

मी हनुवटी लाकडावर टेकवली,
मोकळी तार छेडली.
दातांतून, कानशिलातून
आला तो,
लांबून, खालून,
रोलिंग मिलच्या रात्रपाळीसारखा.

खरखरीचे दोनशे कमी करा, म्हणलं.
लाईट यायच्या आत.