अर्ध्या बाह्या

नऱ्ह्याच्या कॉलेजच्या गेटवर मला उभं केलं
कात्री देऊन. दिवसाचे सातशे.
एरवी मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते,
म्हणून तिकोने सर म्हणाले,
मावशी, तुमचा हात सरळ आहे.

नियम असा: बाही कोपराच्या वर.
कानातलं नको, चमकी नको, जाड तळव्याची चप्पल नको,
पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलून.
आत सगळ्यांना एकच पेपर, एकच घड्याळ.
मला पटलं.
टेप कधी विचारते का, अंग कुणाचं?

कोथरूडची एक आली, बाह्या आधीच आखूड.
म्हणाली, सराव परीक्षांना अशीच जायचे, मावशी,
दोन वर्षं, दर रविवारी.
हसून गेली. चांगली पोर होती.

मग नम्रता ढेबे.
वेल्ह्याच्याही वरची कुठलीशी वाडी,
पहाटेची एसटी, कात्रजला उतरून रिक्षा.
पिस्ता रंगाचा नवा ड्रेस, बाही मनगटापर्यंत,
काठाला हातानं घातलेली पायपिंग.
शिवण मला वाचता येते:
रात्रीचं काम, कमी उजेडातलं,
डाव्या बाहीला दोनदा उसवून पुन्हा घातलेलं.
कापा, म्हणाली ती,
आणि हात पुढे केला, सुईला करतात तसा.

कात्री चालेना माझ्यानं.
पिशवीतलं ब्लेड काढलं
नि खांद्यापासून टाका टाका उसवत गेले.
मागची रांग ओरडत होती.
चार मिनिटं लागली.
ती आत गेली, दोन्ही दंड उघडे,
हातांची घडी घालून, कुणाकडे न बघता.
कापलं असतं तर अर्धी बाही तरी उरली असती.
हे मला नंतर सुचलं.

दीडला गेट लागलं.
दीड म्हणजे दीड, वॉचमन म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं.
रांगेतली शेवटची मुलगी बाहेर राहिली.
गजांतून तिनं प्रवेशपत्र आत धरलं होतं,
तिचे वडील तिकोने सरांना हात जोडत होते,
नवले पुलावर ट्रक आडवा होता हो, साहेब.
रांग का रेंगाळली,
हे त्यांना कुणी सांगितलं नाही.
मीही नाही.

संध्याकाळी पोरींना मागच्या दारानं सोडलं.
मी इकडे पुढे उभी.
आता निकालही लागला असेल.
पिस्ता रंगाच्या दोन बाह्या
मशीनच्या खिळ्याला टांगल्यात,
गिऱ्हाइकं विचारतात, हे कुणाचं?

त्या दुसरीचं तर माझ्याकडे
नावसुद्धा नाही.
चार मिनिटं आहेत तिची.
ती कुठे टांगू?