वेढे

खैरनार मॅडम फळ्याकडे तोंड करूनच बोलतात.
"अनंत लांबीचा सॉलेनॉइड. आत क्षेत्र एकसारखं.
बाहेर शून्य."
आणि खडूचा तुकडा खिडकीच्या कठड्यावर ठेवतात,
रोजच्या जागी.
एम.एस्सी. भाग दोन. आम्ही अकरा जण.
खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटी
सुरू होत नाहीये.

सॉलेनॉइड मला लहानपणापासून ठाऊक आहे,
म्हणजे असं मला वाटायचं.
सातपूरच्या एमआयडीसीत पप्पा तेवीस वर्षं
ट्रान्सफॉर्मरला तांब्याची तार गुंडाळतात.
काउंटर बंद पडला तरी त्यांचा वेढा चुकत नाही.
बोटांना तेलाचा वास,
वरणभात कालवताना त्यालाही थोडा.

डिसेंबर. अशोकनगरात पारा नऊवर.
ओट्याशी बसून मी सातवा प्रश्न सोडवते.
पहिल्यांदा उत्तर अनंत आलं.
दुसऱ्यांदा ऋण चिन्ह हरवलं,
तीन पानं मागे सापडलं
तेव्हा पप्पा सेकंड शिफ्टहून आले होते.

डबा सिंकमध्ये ठेवत म्हणाले, काय काढतेयस?
तुमचंच काम.
वाकून आकृती बघितली. "टोकाला कसं बांधलंस?"
टोकं नाहीत, पप्पा. अनंत लांब आहे.
ते एवढे हसले
की आतून आई म्हणाली, हळू.
"अनंत! आणि तार कोण देतंय, स्टोअरवाला?"

मग मी सांगत सुटले.
बाहेर क्षेत्र नाही, पण व्हेक्टर पोटेन्शियल आहे,
गोल फिरतं, लांब जाल तसं विरळ होतं.
त्यात हवा तो ग्रेडियंट मिळवा, क्षेत्र तेच राहतं.
म्हणजे ते असं एकच नाही,
आपण निवडू तसं.
"मग खरं काय त्यात?"
मला येईना. मॅडमनाही विचारलं होतं,
त्या म्हणाल्या होत्या, आधी गणित करा.

पप्पा पाणी प्यायले. ग्लास पालथा घातला.
"प्रायमरी कुठं शिवते सेकंडरीला?
मधे कागद असतो.
बाहेरच्या तारेला आतलं काही दिसत नाही,
तरी आत कमीजास्त झालं
की तिला कळतं."

मी वहीकडे बघत राहिले.
फ्लक्स बदलला की बाहेरही विद्युतक्षेत्र.
आदल्याच पानावर मीच लिहिलं होतं,
चौकटीत, लाल पेनानं.

त्यांनी लाटणं घेतलं,
मिठाईच्या खोक्याची सुतळी त्यावर चढवत गेले,
वेढ्याला वेढा लागून, फट नाही,
ओठसुद्धा हलले नाहीत.
शेवटचं टोक आतून ओढून घेतलं
आणि ते माझ्या वहीवर ठेवून झोपायला गेले.

सकाळी आईला पोळ्या करायच्या होत्या.
तिनं सुतळी सोडली, खिळ्याला अडकवली,
लाटणं धुतलं.
किती वेढे होते,
विचारायचं राहिलं.