कालवांचा पांढरा

ओनोदेरा आसोलीत आला तेव्हा
सुरंगीचा हंगाम अर्ध्यावर होता.
त्याला फांदीवर उमललेलं फूल हवं होतं.
आवडू धुरी म्हणाली, "फुलला काय गेला रे बाबा,
भाव कळ्येक."
तरी तिने एक फांदी न खुडता सोडली
आणि वहीत मांडून ठेवलं:
जपानी, पावशेर.

मी त्याचं पाणी धरायचो. दहा वर्षांचा.
शाईची कांडी दगडावर फिरायची, फिरायची,
तो फांदीकडे बघायचाही नाही.
दोन दिवस असेच.
तिसऱ्या दिवशी एक शिंजीर आला,
फुलात चोच खुपसून उलटा लटकला,
गेलाही.
तेव्हा कुठे कुंचला उठला.
साल खरखरीत,
फुलं लाकडालाच चिकटलेली, असतात तशी.
पक्ष्याची जागा मात्र कोरी.
मी हातवारे करून विचारलं.
त्याने कागदावर फुंकर मारली.

पांढरा संपला त्या दिवशी
मागीलदारचा कालवांच्या शिंपल्यांचा ढीग बघून
तो पोरासारखा उकिडवा बसला.
आई ओशाळली, खरकटं ते.
त्याने एक शिंपली उचलली, जिभेला लावली,
आणि बोटांवर मोजून दाखवलं:
दहा पावसाळे.
कौलांवर पसरायच्या. ऊन खाऊ दे, मीठ जाऊ दे.
मग वाटायच्या, मग सरस.
घाई केली तर पिवळा पडतो.

दहाचे एकोणीस झाले.
मी वेंगुर्ले बंदरात होड्यांवर नावं रंगवतो.
सातेरी प्रसन्न. सेंट अँथनी.
एका पोराने तर 'मम्मीची पुण्याई' लिहून घेतलं.
डब्यातला तेलरंग, तीन हंगाम टिकतो.
मध्ये एकदा पाकीट आलं होतं,
चिठ्ठी नाही, फक्त त्याचा कुंचला,
केस एका बाजूने झिजलेले.

यंदा शिमग्यानंतर नळे परतताना
शिंपल्या हाताला लागल्या. बोटांत चुरल्या.
आईच्या पाट्यावर वाटल्या,
ती असती तर पाठीत रट्टा बसला असता.
वाटीभर झाला.

हा रंग होडीला चालायचा नाही,
पहिल्याच लाटेला धुऊन जाईल.
भिंतीवर त्याची फांदी आहे,
खालचा कोपरा वाळवीने नेलेला.
उजाडायला अवकाश आहे.
कोऱ्या जागेसमोर मी बसलोय, वाटी मांडीवर,
आणि बाहेरून आवडूची सून ओरडते,
शिडी धरूक कोण आसा काय घरात?