लाईट गेली

दुपारी दीडला कूलर थांबतो
तेव्हा आधी घर ऐकू येतं.
माठाखालच्या ताटलीत टपकणारं पाणी,
सासूबाईंचं घोरणं, इतका वेळ पंख्याखाली दबलेलं,
आणि माझ्या हातोडीखाली फुटणारी चिंच.

शनिवारी दारव्ह्याहून माणूस येतो,
फोडलेली चिंच तोलून नेतो.
चिंचोके आमच्याकडे राहतात,
म्हणजे उर्वीकडे.
ती ते डब्यात भरते, ओतते, पुन्हा भरते.

"माय, कूलर काऊन झोपला?"
"लाईट गेली, बाई."
"कुठी?"

साडेतीन वर्षांच्या माणसाला
डीपी, फीडर, ढोके लाईनमनचा बंद फोन
कुठून सांगत बसू?
हात चिंचेत होते, तोंडाला आलं ते बोलले,
"गेली असंन तिच्या मायच्या घरी."

हे तिला पटलं.
तिला एवढंच पाहिजे होतं,
पिशवी नेली का?
"नाई नेली."
"मंग येते," ती म्हणाली. "कपडे त नाई नेले."

मग बराच वेळ आवाज नाही.
लेकराचा आवाज बंद झाला की
जीव आधी पिठाच्या डब्याकडे धावतो,
मग विहिरीकडे.
उठले.

उंबऱ्यावर बसली होती.
पुढ्यात स्टीलचा गडवा, काठोकाठ,
झाकणीत गुळाचा खडा,
खड्याला दोन मुंग्या.
बाहेर रस्ता असा पांढरा की डोळा ठरत नाही.

"हे कायले?"
"उन्हातून येईन न ते. तहान लागंन."

मी कधी शिकवलं नव्हतं.
तिनं नुसतं पाहिलं होतं,
बोहारणीला, डोस पाजायला येणाऱ्या आशाताईला,
मीटरचा फोटो काढणाऱ्या त्या पोरालासुद्धा,
ज्यानं पुढच्या महिन्यात दुप्पट बिल लावलं.

म्हटलं, चल आत, ऊन लागते.
म्हणाली, पाहुण्याले दार बंद दिसू नये.
हे माझंच वाक्य. माझ्याच आवाजात.

मग मी पोतं ओढत दाराशी आणलं.
तिच्या मानेवरच्या घामोळ्यांना
कॅलेंडरच्या पुठ्ठ्यानं वारा घातला,
एक हात चिंचेला, एक हात मानेला.
"लाईट लुगडं नेसते का डरेस घालते?"

"लुगडं," आतून सासूबाई,
कधी जाग्या झाल्या कोण जाणे.
"मी लगन होऊन आली न इथी,
त्याच्या चार वर्सांनं ते आली.
माह्यापेक्षा लहान हाय ते, उरबी."
उर्वी म्हणता येत नाही त्यांना.
पण उर्वीनं मान हलवली,
लहान आहे म्हणजे पाणी तर द्यायलाच हवं.

चारच्या सुमाराला, खट.
कूलर खोकला, गुरगुरला, लागला.
टीव्हीला लाल ठिपका आला.
उर्वीनं रस्त्याकडे पाहिलं,
घराकडे पाहिलं,
ओठ बाहेर आला, आता रडणार.

"मांगच्या दारानं आली व," मी म्हणाले.

गडवा दोन्ही हातांनी उचलून ती निघाली,
सांडत सांडत, अर्धा सासूबाईंच्या पायावर,
थेट कूलरपाशी,
जाळीवर ओतणार इतक्यात
मी कशी पोचले मला माहीत नाही.
हातोडी हातातच होती.
दंडाला धरून ओढली, जोरात ओरडले,
मागच्या उन्हाळ्यात वरच्या गल्लीत काय झालं
ते तिला माहीत नाही, मला माहीत आहे.

ती रडली नाही.
माझ्याकडे बघत राहिली,
पाहुण्यासमोर कोणी असं ओरडते का?

मग आम्ही गडवा हातभर लांब ठेवला,
भुईवर, वाऱ्याच्या वाटेत.
पाण्यावर बारीक शिरशिरी उठली.
"पेते," ती हळूच म्हणाली. "पाह्य, पेते."

गूळ तिनंच खाल्ला,
मुंग्या फुंकून.
माझा हात अजून थरथरत होता,
दोन चिंचा नुसत्याच चेचल्या.
पोत्यात अजून अकरा किलो.