एका अंशासाठी

तपकीर गल्लीत बाकी सगळे एकच विचारतात,
किती आरपीएम, सहा व्होल्ट की बारा, लवकर बोला काका.
अल्फिया म्हणाली, "थांबायचं कुठे आहे?"
मी स्टूल ओढून बसलो.

पिशवीतून गाडी काढली. बंब.
लाल पत्र्याचा, पाठीवर डब्याच्या झाकणाचं चक्र
आणि त्यावर साठ सेंटिमीटरची शिडी, छत्रीच्या काड्यांची.
रिमोटवर पुढे जातो, मागे येतो, वळतो.
फक्त शिडी शहाण्यासारखी वागत नाही.

पहिली मोटर जुन्या बाजारातली, पिवळ्या गिअरबॉक्सची.
बटण सोडलं तरी थोडी पुढे जाऊनच थांबायची,
स्टॉप सोडून थांबणाऱ्या पीएमटीसारखी.
मग सर्वो. गुणी पोर.
सांगाल त्या अंशावर उभा, बोटानं ढकला तर परत जागेवर.
पण एकशेऐंशीच्या पलीकडे त्याला जगच नाही,
आणि आग काय गाडीच्या एकाच अंगाला लागते?
मग तीनशेसाठवाला आणला, डबीवर तसं छापलं होतं.
तो गोल फिरतो खरा,
पण आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही.
त्याला वेग सांगता येतो. जागा नाही.

"तिथे सगळेच फसतात," म्हणत तिनं फळीवरून
एक चौकोनी, जड ठोकळा उतरवला.
जुन्या प्रिंटरमधला स्टेपर.
"हा मोजून चालतो. दोनशे पावलं, एक गरका.
दातेरी पट्टा लावून पाचास एक करा,
अंशाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत याल.
पण खेळण्याला एवढं कशाला?"

शिडी तीस मीटर बाहेर काढली
आणि तळाशी एक अंश चुकला,
तर टोक अर्धा मीटर चुकतं.
अर्धा मीटर म्हणजे खिडकी नाही, भिंत.
हे ट्रेनिंगच्या वहीत होतं. कळलं नाना पेठेत.
बोळ अरुंद, गाडी लांब उभी,
टोकाला बाबू काळोखे, खाली लिव्हरवर मी.
वरून आवाज: डावीकडे. अजून. बास. बास म्हटलं ना!
गाडी जुनी, दात्यांमध्ये प्ले,
उजवीकडून आलं की एक जागा, डावीकडून आलं की दुसरीच.
म्हणून मी जागच्या जागी हलवत बसलो नाही.
अख्खी शिडी मागे नेली
आणि पुन्हा डावीकडून आणली, एका दमात.
सात-आठ सेकंद.
तेवढ्यात काळोखेनं दिलेल्या शिव्या अजून पाठ आहेत.
खिडकीतल्या बाईनं आधी मिक्सर पुढे केला.
त्यानं तो काखेत मारला, मग तिचा हात धरला.

अल्फिया काही बोलली नाही.
ड्रॉवर उघडून तांदळाएवढं लोहचुंबक काढलं.
"याच्यात एक खोट आहे.
बॅटरी काढली की सगळं विसरतो,
उठेल तिथेच म्हणतो, हेच शून्य.
हे चक्राला चिकटवा, खाली सेन्सर बसवा.
आधी त्याला घर शोधू द्या, मग कामाला लावा.
आणि नुसता धरून उभा असतो ना,
काहीच करत नाही असं वाटतं, तेव्हाच तापतो."

ते मला कोणी सांगायला नको होतं.

मोटरचे साडेचारशे घेतले. चुंबकाचे घेतले नाहीत.

आता बिबवेवाडीत, जेवणं झाल्यावर टेबलावर
बंब उभा असतो. टिक टिक टिक,
शिडी घर शोधते, मग कपाटाच्या कुलपाकडे वळते
आणि नेमकी भोकासमोर थांबते.
पट्ट्याला प्ले नसतो, अल्फियानं दोनदा बजावलंय.
तरी मी ती आधी मागे नेतो,
आणि डावीकडूनच आणतो.