शिल्लक

ओडवार क्वेर्नमो, वय एकाहत्तर,
आयुष्यभर वीज कंपनीचे मीटर वाचत हिंडला,
आता आभाळाचं वाचतो.
नॉर्वेतल्या या खोऱ्याच्या टोकाला, मेंढ्यांच्या रिकाम्या गोठ्यात
त्याचं कार्यालय: एक स्टोव्ह, तीन खुर्च्या,
बुटांच्या खोक्यांत चारशे बारा जबान्या.

साक्षीदार आला की आधी कॉफी.
मग पहिला प्रश्न त्या दिव्याबद्दल नसतोच.
"चंद्र केवढा दिसतो? हात लांब करून दाखव."
कुणी मूठ दाखवतं, कुणी बशी.
दूधवाल्या टूरिडने तर दोन्ही तळवे पसरले.
खरा चंद्र करंगळीच्या नखाआड मावतो, वर नख उरतं.
ओडवार हसत नाही.
कोपऱ्यात बारीक अक्षरात भागाकार मांडतो.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
इथे लागतो,
आणि आरसा कधी पुसला, त्याचीही नोंद लागते.

शुक्राचे निघाले एकशे त्रेचाळीस.
बाकी घाटातल्या मोटारी, विमानं, लग्नातले कंदील,
आणि एक, पाद्रीबाबांच्या काचघरातला
टोमॅटोंसाठी लावलेला दिवा, धुक्यावर चढलेला.
उरले पंधरा.

या पंधरांवरून दर गुरुवारी भांडण.
गुनहिल्ड शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. म्हणते,
"उरले म्हणजे काय? तुला उत्तर सापडलं नाही, एवढंच.
अज्ञानाचा ढीग मोजला
म्हणून त्याचा पुरावा होत नाही."
तो म्हणतो, "आणि न बघताच फेकलं,
की त्याचं विज्ञान होतं?"
स्टोव्हमध्ये लाकूड तडकतं.
विद्यापीठाने सातव्या पत्रालाही उत्तर दिलेलं नाही.
ज्यांना परग्रहावरचे पाहुणेच हवे होते
ती मंडळी शहरातून आली, दोघांनाही शिव्या घालून गेली.
मी कारकून. खोक्यांवर आकडे घालते.

फेब्रुवारीत, उणे बावीसच्या रात्री,
ओडवार लाकडं आणायला बाहेर गेला
आणि बराच वेळ आला नाही.
आला तेव्हा हात रिकामे.
कॅमेरा आत, तिपाईवर, भिंगापुढे जाळी लावून सज्ज,
तोंड भिंतीकडे.
त्याचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, हे नंतर कळलं.

त्याने कोरा फॉर्म ओढला.
साक्षीदाराच्या रकान्यात स्वतःचं नाव.
"चंद्र केवढा?" मी विचारलं, नियम म्हणून.
त्याने हात लांब केला.
मूठ वळू लागली,
अर्ध्यावर थांबली.

दर्जा क. एकच साक्षीदार, यंत्र नाही, वेळ संशयास्पद.
त्यानेच लिहिलं, त्यानेच शाईवर फुंकर घातली.
आम्हाला वाटलं, आता गुनहिल्ड बोलणार.
तिने चष्मा पुसला, टोपी कानांवर ओढली,
"लाकडं राहिली," म्हणाली, आणि गेली.

परतली ती पाऊण तासाने,
भुवयांवर हिम, काखेत तीन ओंडके.
"काही नाही," म्हणाली,
कुणी विचारलं नव्हतं.
मी रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावलं
आणि तेही
वेळेसकट टिपून ठेवलं.