चाळीस शेअर

डुलुथच्या टेकडीवर मठ. खाली सरोवर,
एप्रिलातही काठाला बर्फाची किनार.
मी त्यांचा हिशेबनीस, मंगळवारी जातो.
अकरा सिस्टर उरल्यात, सर्वांत तरुण एकसष्टची,
आणि एक बॉयलर, तो सगळ्यांहून म्हातारा.

त्या वर्षी जुन्या वहीत मला सापडले
एका तांब्याच्या कंपनीचे चाळीस शेअर,
कुणा मेलेल्या दात्याने मागे ठेवलेले.
लाभांश दर तिमाहीला, न चुकता.
त्यातून सिस्टर बर्नडीनचं इन्सुलिन,
छपराची थोडी डागडुजी, ईस्टरची मेणबत्ती.

मग झांबियाहून पत्र आलं.
लिहिणारी मुटिंटा हाचिलेका, दवाखान्यातली नर्स.
खाणीच्या खालच्या अंगाला ओढा आहे, लिहिलं होतं,
गुरं काठाशी येतात, वास घेतात, परत फिरतात.
माणसांनी परत फिरून जावं कुठे?
सोबत बाटलीचा फोटो. पाणी निळसर हिरवं,
सुंदर दिसत होतं, हेच वाईट.

जेवणाच्या टेबलाशी दोन तट पडले.
सिस्टर ओआन म्हणाली, विका. आजच विका.
हात धुऊन मोकळ्या होऊ.
"हात धुऊन?" सिस्टर लुडमिलाने विचारलं,
"कोणत्या पाण्यात?"

बराच वेळ कुणी सूप वाढलं नाही.

मग बर्नडीन, जी सहसा बोलत नाही:
नऊ वर्षं त्यांचं मीठ खाल्लंय मी,
रोज सकाळी, सुईच्या टोकाने.
खाल्ल्या मिठाला जागायचं
म्हणजे जागं राहायचं.
मला तरी एवढंच कळतं.

तर शेअर राहिले.
लाभांशाचं पाकीट मुटिंटाच्या दवाखान्याला,
आणि इन्सुलिनसाठी मी
प्रार्थनाघरातल्या पियानोला गिऱ्हाईक शोधलं.

डेन्व्हरला वार्षिक सभा. एक रात्र, एक दिवस बस.
हॉटेलच्या झुंबराखाली लुडमिला उभी राहिली,
माइक तिच्या कपाळाशी; कुणीतरी तो खाली ओढला,
तो किंचाळला.
भागधारकाला दोन मिनिटं मिळतात.
तिने दहा सेकंद घेतली:
"अध्यक्ष महाराज, त्या ओढ्याचं नाव काय?"
अध्यक्षांनी वकिलाकडे पाहिलं,
वकिलाने कागदांकडे, कागदांनी कुणाकडेच नाही.
उरलेला वेळ ती तशीच उभी.
पिवळा दिवा लागला. लाल दिवा लागला.

ठरावाला मतं सहा पूर्णांक एक टक्का.
पाचाच्या खाली आली असती
तर पुढच्या वर्षी तोंड उघडता आलं नसतं.
परतीच्या बसमध्ये तिने तो एक पूर्णांक एक
पेपरमिंटसारखा चघळला.

दुसऱ्या वर्षी पत्रं येऊ लागली.
उट्रेक्टच्या शिक्षकांचा पेन्शन फंड,
गॉथेनबर्गचे ट्रामचालक, डर्बनची परिचारिका संघटना,
ओसाकातली एक विधवा, तिच्याकडे शेअर तीन.
माझ्या वहीत नावं मावेनात.
मुखपृष्ठावर हिरवं पान छापणारा
लंडनचा एक मोठा फंड मात्र विरोधात गेला,
खेद व्यक्त करून, जाड सुबक कागदावर.
अकरा टक्के. मग एकोणीस.
बर्नडीन एकोणीसच्या आधीच गेली;
मी आकडा तिच्या रिकाम्या खुर्चीला सांगितला
आणि मग ओशाळून खिडकी बंद केली.

यंदा बत्तीस.
जिंकलो नाही. अध्यक्ष मात्र बदलले,
आणि अहवालात, पान चौऱ्याऐंशीवर,
अगदी बारीक टाइपात,
एक गाळणयंत्र, एक तारीख,
आणि ओढ्याचं नाव.

मुटिंटाला विचारलं, फरक पडलाय का.
तिने लिहिलं: गुरं अजून परतच फिरतात,
पण हल्ली जरा थांबून.

लुडमिलाने ते पान चष्म्याजवळ धरलं.
भिंतीतला बॉयलर खोकला.
"कासेंगो नाही," ती म्हणाली, "कासेंगू.
लाल पेन दे.
आणि डेन्व्हरच्या बसचं तिकीट बघ."